भूल देणारानें नवी जागा कशी पारखावी?

शस्त्रक्रिया नीट पार पडली म्हणजे आपण शल्यचिकित्सकाचे आभार मानतों, फारच आनंद झाला तर पेढेहि नेऊन देतों. भूल कोणीं दिली होती हें मात्र बिलावरील नांव वाचल्यावांचून पुष्कळांस ठाऊक नसतें. ज्याच्या स्वाधीन आपण तास दीड तास आपला श्वास केलेला असतो, त्याच्याशीं आपली ओळख दोन मिनिटांची. अशा माणसास नव्या ठिकाणची नेमणूक चालून आली, तर ती त्यानें कोणत्या कसोटीस लावावी, याविषयीं आज बोलावयाचें आहे. मी कांहीं वैद्य नव्हें. मॅट्रिक होऊन शाळेंत शिरलों तो निवृत्त होईपर्यंत मुलांस गणित शिकवीत राहिलों. पण माझी भाची भूलशास्त्राची एम. डी. आहे, आणि गेल्या उन्हाळ्यांत असेंच एक पत्र हातीं घेऊन ती हिशेब मांडावयास माझ्याकडे आली.

पत्र वाचावयास बरें होतें. जिल्ह्याच्या गांवीं नवें खाजगी रुग्णालय, दोन शस्त्रक्रियागृहें, पगार सध्यांच्या दीडपट, राहावयास घर. खालीं एक वाक्य होतें : ‘बहुतेक शस्त्रक्रिया किरकोळ स्वरूपाच्या असतात.’ हें धीर देण्यासाठीं लिहिलेलें दिसत होतें. भाचीचें बोट मात्र तेथेंच थांबलें. “मामा,” ती म्हणाली, “शस्त्रक्रिया किरकोळ असेल, भूल कधीं किरकोळ नसते.”

तिच्या म्हणण्यास इतिहासाचा आधार आहे. १८४६ च्या ऑक्टोबरच्या १६ तारखेस बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें एका रोग्यास ईथर हुंगविलें, वॉरन यांनीं त्याच्या मानेवरील गांठीची शस्त्रक्रिया केली, आणि वेदनेवांचून शस्त्र चालवितां येतें हें जगास दिसलें. पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या सिम्प्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. आणि १८४८ च्या जानेवारींत इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगल्यावर कांहीं मिनिटांतच दगावली. तिच्या पायाच्या बोटाचें नख काढावयाचें होतें. याहून किरकोळ शस्त्रक्रिया ती कोणती?

तेव्हां उत्तर लिहिण्यापूर्वीं तें ठिकाण डोळ्यांनीं पाहून यावें असें ठरलें. मी सोबतीला गेलों. व्यवस्थापकांनीं चहा दिला, दर्शनी दालनाचा संगमरवर दाखविला. भाची संगमरवरावरून सरळ प्राणवायूच्या नळ्या पाहावयास गेली. नळींतून येणारा प्राणवायु एकाएकीं बंद पडला तर भरलेला सिलिंडर कोठें आहे, तो जोडावयास किती वेळ लागतो, रात्रीं दोन वाजतां तो कोण जोडील, हें तिनें व्यवस्थापकांस न विचारतां वॉर्डबॉयला विचारलें. त्या पोरानें चटकन् तें करूनहि दाखविलें. त्याचें मला कौतुक वाटलें. घशांतील स्राव ओढून घेणारें यंत्र तिनें चालवून पाहिलें, वीज गेल्यावर भूल देण्याचें यंत्र किती वेळ चालतें तें विचारलें. भिंतीवर छान चौकटींत एक यादी होती. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं काढलेली ही १९ मुद्यांची यादी. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हां मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें. भाचीनें तिचे भरलेले कागद मागितले. ते निघाले नाहींत.

मग पाळी आली पहारा करणाऱ्या उपकरणांची. रोग्याच्या बोटाला चिमट्यासारखें एक उपकरण लावतात. रक्तांत प्राणवायु कितपत आहे तें तें सांगतें. त्याचें तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं मांडलें. दुसरें कॅप्नोग्राफ. तें उच्छ्वासांतील कार्बन डायऑक्साइडची रेषा पडद्यावर काढीत असतें. श्वासाची नळी श्वासनलिकेऐवजीं अन्ननलिकेंत गेली, तर ही रेषा कांहीं श्वासांतच सपाट होते. बोटावरचा चिमटा तीच बातमी कांहीं मिनिटें उशिरा देतो, कारण शरीरांत शिल्लक असलेला प्राणवायु तोंवर पुरतो. तीं मिनिटें फार महाग पडतात.

या पहाऱ्यावरून पूर्वीं मोठा वाद माजला होता. १८८८ व १८८९ सालीं हैद्राबादेस क्लोरोफॉर्मविषयीं दोन कमिशनें बसलीं. तेथील सर्जन लॉरी यांचा आग्रह असा कीं, लक्ष श्वासाकडे ठेवावें, नाडीकडे नव्हे; हृदय श्वासाच्या आधीं थांबत नाहीं. पुढें १९११ सालीं गुडमन लेव्ही यांनीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, भूल हलकी असतांना क्लोरोफॉर्मनें हृदय एकाएकीं बंद पडूं शकतें. आतां दोहोंकडेहि लक्ष ठेवतात. मात्र लक्ष ठेवावयास माणूस जागेवर हवा.

आणि गोम तेथेंच होती. शस्त्रक्रियागृहें दोन, कॅप्नोग्राफ एक, भूलतज्ज्ञ एक. दोन्ही टेबलें एकदम चालू झालीं तर? व्यवस्थापक मोकळेपणानें म्हणाले, “मॅडम, एकाला कमरेंत इंजेक्शन देऊन स्थिर करावें, सिस्टर बसतील, तोंवर दुसरीकडे पाहून यावें. सगळीकडे असेंच चालतें.” चालत असलें तरी चालूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. कमरेंतल्या इंजेक्शनानें रक्तदाब झपाट्यानें उतरूं शकतो. १९८६ सालीं अमेरिकेंत हार्वर्डच्या रुग्णालयांचे जे किमान नियम प्रसिद्ध झाले, त्यांत भूल देणारानें शस्त्रक्रियागृहांत सर्व वेळ हजर राहावें व रक्तदाब आणि हृदयाची गति निदान दर पांच मिनिटांनीं पाहावी, असें सांगितलें आहे. तिकडे शिक्षित परिचारिकाहि भूल देतात. हा नियम त्यांनाहि चुकलेला नाहीं.

भाचीचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मार्मिक वाटला. “गेल्या तीन महिन्यांत भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून किती शस्त्रक्रिया पुढें ढकलल्या?” उत्तर मिळालें, “तसा प्रसंगच येत नाहीं.” आतां पाहा, भूल देण्यापूर्वीं सहा तास अन्न पोटांत जाऊं नये, साधें पाणी दोन तास आधींपर्यंत चालतें. पण आपल्याकडे ‘कांहीं खाल्लें नाहीं, नुसता चहा घेतला’ म्हणणारे किती तरी! दुधाचा चहा पाण्यांत धरीत नाहींत, अन्नांत धरतात. भुलेंत तो उलटून फुप्फुसांत गेला तर जिवावर बेततें. अशा रोग्यास ‘आज नाहीं’ असें कोणीच कधीं सांगितलें नसेल, तर तेथें तसें सांगण्याची सोय नाहीं असाच त्याचा अर्थ.

पगाराचें थोडक्यांत सांगतों. दीडपट पगाराला दुप्पट रात्रींनीं भागलें म्हणजे पाऊणपट उरतो. रात्रपाळ्या मोजल्यावांचून तो आंकडा वाचूंच नये. नोकरी सोडण्याची मुदत व व्यावसायिक विम्याचा हप्ता कोणाकडे, हीं लेखी घ्यावींत.

तिनें परत येऊन तीन अटी लिहून पाठविल्या : दुसरें कॅप्नोग्राफ, एका वेळीं एकच रोगी, आणि शस्त्रक्रिया थांबविण्याचा अधिकार. पहिली अट आठ दिवसांत मान्य झाली, कारण ती पैशानें भागत होती. दुसऱ्या दोन तोंडी मान्य झाल्या. लेखी मागतांच पत्रव्यवहार महिनाभर रेंगाळला, घरच्यांनीं तिला हट्टी ठरविलें, तिच्या आईनें माझ्याकडे रागाचे दोन फोन केले. लेखी उत्तर आलें तेव्हां त्यांत एकच रोगी हें कबूल होतें. थांबविण्याचा अधिकार ‘शल्यचिकित्सकाच्या संमतीनें’ असा होता. तिनें नकार कळविला. ती अद्याप जुन्या जागीं, जुन्या पगारावर आहे.

आपल्या घरांत कोणाची शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञाची भेट आदल्या दिवशीं मागून घ्यावी, आणि ते सर्व वेळ तेथें असतील ना, हें विचारावें. त्याचा त्यांना राग येऊं नये. आपणहि त्यांस हलणारा दांत, कवळी, चालू असलेलीं औषधें आणि पूर्वीं भूल दिली असतां झालेला त्रास सांगावा. आणि सकाळीं चहा घेतला असेल तर तोहि.