पत्ते कोण पिसतं?

आपल्याकडे घरात पत्त्यांचा डाव मांडला की एक रीत कुणी न सांगता पाळली जाते. एकाने पानं पिसायची, शेजारच्याने कापायची आणि मगच वाटायची. मेंढीकोटात पैशांचा संबंध नसतो, तरीही न कापता वाटायला घेतलं तर दोघं-तिघं एकदम ओरडतात. यात कुणी कुणाला चोर ठरवत नाही. आपण खेळतोय तो डाव सरळ आहे, हे सगळ्यांना आपल्या डोळ्यांनी दिसावं, एवढाच त्या रीतीचा अर्थ.

कॅसिनोतल्या ब्लॅकजॅकच्या टेबलावर मात्र अनेक ठिकाणी हे काम आता एक पेटी करते. मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. गोव्याला जाऊन, मांडवीतल्या जहाजांवर चार पैसे घालवून आलेले माझे जुने विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, ते यंत्र आपल्याला हरवण्यासाठीच पानं लावत असेल का हो?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचं उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

आधी खेळ समजून घेऊ. पानांची बेरीज 21 च्या जितकी जवळ न्याल तितकं चांगलं, पण 21 च्या पुढे गेलात की हरलात. राजा, राणी, गुलाम यांचे 10, एक्क्याचा 1 किंवा 11. सामना असतो तो फक्त डीलरशी, म्हणजे कॅसिनोशी. आणि पहिली खेळी तुमची असते. तुम्ही 21 ओलांडलेत की पैसे तिथेच गेले. नंतर डीलरनेही 21 ओलांडले तरी ते परत मिळत नाहीत. कॅसिनोची कमाई आहे ती या साध्या नियमात. त्यासाठी लबाडीची गरजच पडत नाही.

मग यंत्र आलं कशाला? पहिलं कारण वेळ. डीलर हाताने पिसत बसला की तेवढा वेळ टेबल बंद, म्हणजे कमाई बंद. दुसरं कारण एडवर्ड थॉर्प हे गणितज्ञ. त्यांनी 1962 साली पुस्तक लिहून दाखवून दिलं, की कोणती पानं येऊन गेली हे ध्यानात ठेवलं तर खेळाडू कॅसिनोवर मात करू शकतो. सतत पिसणाऱ्या यंत्रात वापरलेली पानं प्रत्येक हातानंतर पुन्हा आत जातात, त्यामुळे ध्यानात ठेवण्यासारखं काही उरतच नाही. तिसरं कारण म्हणजे हातही काही नेहमी प्रामाणिक नसतात. पिसल्याचं नाटक करणाऱ्या डीलरांना फितवून एका टोळीने अमेरिकेतल्या कॅसिनोंना मोठा गंडा घातला होता; 2007 साली त्या टोळीवर खटले भरले गेले.

आता शंकेकडे वळू. 52 पानांच्या एका कॅटच्या मांडण्या किती होतात? 8 वर 67 शून्यं लिहावीत, साधारण एवढ्या. बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 साली दाखवलं, की दोन भाग करून एकमेकांत मिसळण्याच्या नेहमीच्या पद्धतीने कॅट नीट पिसला जायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. हेच पर्सी डायकोनिस तरुणपणी जादूगार म्हणून हिंडलेले, त्यामुळे हातचलाखी त्यांना नवी नव्हती. पुढे एका उत्पादकाने दहा कप्प्यांचं नवं यंत्र तपासण्यासाठी त्यांना आणि सुसान होम्स यांना बोलावलं. प्रत्येक पान दहांपैकी एका कप्प्यात, आधीच्या पानांच्या वर किंवा खाली जायचं आणि शेवटी सगळे कप्पे एकावर एक रचले जायचे. बघणाऱ्याला वाटेल, याहून चांगलं काय पिसणार? पण पानांमध्ये चढत्या-उतरत्या माळा शिल्लक राहत होत्या. नीट पिसलेल्या कॅटमध्ये एकेक पान उलटण्याआधी ओळखायचं म्हटलं, तर सरासरी साडेचार पानं बरोबर येतात. या यंत्राने पिसलेल्या कॅटमध्ये साडेनऊ येत होती. निष्कर्ष उत्पादकाला आवडण्यासारखा नव्हता, तरी त्याने तो मान्य केला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्रातली ही खोट कॅसिनोच्या फायद्याची नव्हती. ती ओळखणाऱ्या खेळाडूच्या फायद्याची होती. 2012 साली अटलांटिक सिटीच्या एका कॅसिनोत आधीच पिसलेले म्हणून आलेले कॅट प्रत्यक्षात पिसलेलेच नव्हते. बॅकरा खेळणाऱ्यांनी पानांचा क्रम हेरला आणि लागोपाठ 41 हात जिंकून सुमारे पंधरा लाख डॉलर मिळवले. थोडक्यात, नीट पिसलेली पानं कॅसिनोलाही हवीच असतात.

म्हणून शंका खोटी ठरते का? नाही. काही यंत्रांत कॅटमधली पानं पूर्ण आहेत ना, हे तपासण्यासाठी कॅमेरा असतो. म्हणजे पानांचा क्रम यंत्राला कळू शकतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या एका परिषदेत संगणक-सुरक्षा तज्ज्ञांनी अशाच एका यंत्राला बाहेरून छोटं उपकरण जोडून तो क्रम मिळवून दाखवला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी दाखल केलेल्या आरोपपत्रात म्हटलं आहे, की खासगी पोकरच्या बैठकींत बदल केलेली पिसणारी यंत्रं वापरून श्रीमंत खेळाडूंना लुबाडलं गेलं. म्हणजे धोका आहे. पण तो यंत्राच्या जातीत नाही, यंत्र कुणाच्या ताब्यात आहे यात आहे. परवाना, त्रयस्थ तपासणी आणि सील हेच इथलं 'कापणं'. ते नसेल तिथे बसू नये.

आणि पैसे खरोखर जातात कुठे? चांगले नियम असतील आणि खेळाडू शास्त्रशुद्ध खेळत असेल, तर कॅसिनोचा वाटा शेकडा अर्ध्याच्या आसपास असतो. समजा, शंभर रुपयांचे साठ हात तासात झाले. लागले सहा हजार, गेले सरासरी तीस. आता टेबलावरची छापील ओळ बघा. पहिल्याच दोन पानांत 21 झाले, म्हणजे ब्लॅकजॅक आला, की पूर्वापार शंभराला दीडशे मिळत. अनेक टेबलांवर आता एकशेवीस मिळतात. हा हात साधारण एकविसात एकदा येतो, म्हणून एवढ्या एका बदलाने कॅसिनोचा वाटा शेकडा 1.4 ने वाढतो. त्यात यंत्रामुळे समजा साठाचे ऐंशी हात झाले. लागले आठ हजार, गेले दीडशेच्या घरात. तीसाचे दीडशे झाले आणि लबाडी कुठेच नाही, सगळं छापून समोर ठेवलेलं!

माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो. पेटीच्या आत काय चाललंय याचा संशय जरूर घ्या, तिची तपासणी कोण करतं हेही विचारा. पण बसण्याआधी टेबलावर काय लिहिलंय ते वाचा आणि तासाला किती हात होतात ते मोजा. हरलेला माणूस पेटीकडे बोट दाखवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच टेबलावर जाऊन बसतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.