दवाखान्याची पाटी आणि घरची पिशवी

(गेल्या गणेशोत्सवात मंडळात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. फार्मसीचा डिप्लोमा केलेला सरकारी नोकर, दवाखान्याच्या खिडकीमागे उभा राहून गोळ्या देणारा. त्यामुळे आजार कसा बरा करावा हे मी सांगणार नाही. बीपी आणि शुगर तसेही बरे होत नाहीत, सांभाळावे लागतात. हा सांभाळ चांगला चाललाय की नाही हे ओळखायचं कसं, एवढ्यावरच बोलणार आहे.

सुरुवात आमच्या एका काकूंपासून करतो. सख्ख्या नव्हेत, गल्लीतल्या. जन्म किनवटकडचा, सासर आदिलाबादचं, लेक पांढरकवड्याला. आपल्यातल्या निम्म्या घरांचा नकाशा असाच आहे. पैनगंगेच्या अलीकडे एक घर, पलीकडे दुसरं. काकू मला म्हणाल्या, "बापू, पाय लई सुजतात रे. डॉक्टरांनी लघवीची गोळी देली, तरी सूज काही उतरत नाही." मी म्हटलं, "काकू, गोळ्यांची पिशवी आणा बरं." पिशवी ओट्यावर पालथी केली. त्यात इथल्या सरकारी दवाखान्याची ॲम्लोडिपिन होती. लेकीकडे गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या नावाची गोळी होती, तीही ॲम्लोडिपिनच. काकू इमानेइतबारे दोन्ही घेत होत्या. या औषधाने काहींच्या पायांना सूज येते, आणि मात्रा वाढली की सूजही वाढते. त्या सुजेवर मग तिसरी गोळी. दोन्ही डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. प्रत्येकाने समोर दिसलं त्यावर बरोबर औषध दिलं होतं. फक्त दोघांना एकमेकांचा कागद दिसला नव्हता.

आता दवाखान्यांच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रांकडे येतो. खाजगी रुग्णालयांत 'एनएबीएच' दिसतं. ते भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाचं. सरकारी दवाखान्यांसाठी केंद्राने 2013 मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं आणली, आम्ही त्यांना 'एनक्वास' म्हणतो. आधी जिल्हा रुग्णालयं, मग प्राथमिक आरोग्य केंद्रं, आता गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांपर्यंत ती पोचली आहेत. तपासणारे बाहेरून येतात. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. एकूण सत्तर टक्के लागतात. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं.

तपासायच्या रीती चार आहेत: डोळ्यांनी पाहणं, कर्मचाऱ्याला विचारणं, नोंदी चाळणं आणि रुग्णाला विचारणं. पहिल्या तिन्हींची तयारी करता येते, आम्ही केलीही होती. मुदत आधी संपणारी औषधं पुढे, नंतरची मागे. फ्रिजच्या तापमानाची वही लिहिलेली. मग तपासनीस बाई बाकावर बसलेल्या एका आजोबांकडे वळल्या आणि विचारलं, "ही गोळी कशाची?" आजोबा म्हणाले, "पांढरी. सकाळची." शून्य गुण! खिडकी माझीच होती. मी त्या आजोबांना कित्येक महिने गोळ्या देत होतो आणि रांग मोठी म्हणून एकदाही चार शब्द बोललो नव्हतो. ते शून्य मला रास्त वाटलं, आजही वाटतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे प्रमाणपत्र दवाखान्याला मिळतं. आजाराच्या कार्यक्रमाला वेगळं प्रमाणपत्र देण्याची पद्धत जगात आहे. जॉइंट कमिशन इंटरनॅशनल ही संस्था रुग्णालयाला वेगळं आणि मधुमेहासारख्या एखाद्या आजाराच्या कार्यक्रमाला वेगळं प्रमाणपत्र देते. कारण इमारत उत्तम असूनही शुगरचे रुग्ण वाऱ्यावर असू शकतात.

आपल्याकडे या दिशेचं सर्वांत चांगलं काम, माझ्या मते, पाटीशिवाय झालं. नोव्हेंबर 2017 मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत पंजाब, मध्य प्रदेश, केरळ होते, आणि आपली दोन्ही राज्यं होती, तेलंगणा आणि महाराष्ट्र. त्यात विशेष काय होतं? राज्यासाठी औषधांचा एकच साधा क्रम ठरवला, गोळ्यांचा पुरवठा तुटू द्यायचा नाही असं ठरवलं, परिचारिका आणि आरोग्यसेवकांना कामात धरलं, आणि हिशोब प्रामाणिक ठेवला. नोंदवलेल्या प्रत्येक रुग्णाला गेल्या तीन महिन्यांच्या हिशोबात तीनपैकी एका रकान्यात बसवायचं: बीपी 140/90 च्या खाली आहे, खाली नाही, किंवा माणूस आलाच नाही. न आलेला माणूसही एकूण संख्येत धरायचा. हा तिसरा रकाना मला फार मोलाचा वाटतो. आलेल्यांचेच आकडे दाखवले तर कुठलाही दवाखाना हुशार दिसेल. या उपक्रमाला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे 10 कोटी आणि उच्च रक्तदाबाचे 31 कोटींवर आहेत. म्हणजे या मांडवात प्रत्येक रांगेत दोन-चार जण असतीलच. मोदकाची वाटी शेजारी सरकवणारे दिसताहेत मला!

तिसऱ्या रकान्यातले लोक कोण, तर बहुतेक आपणच. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी थांबवणारे. ते गोळीमुळे नॉर्मल आलेलं असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत दवाखाना चुकवणारे. दिवाळीला लेकीकडे महिनाभर जाणारे आणि गोळ्या पंधरा दिवसांच्याच नेणारे. माझे वडील असेच होते. "मला काही होत नाही," म्हणत त्यांनी गोळी सोडली आणि एका पहाटे उजवा हात उचलेना. घरात फार्मासिस्ट असून. हे मी फारसं कुणाला सांगत नाही. आज सांगितलं, कारण पुढे बसलेल्या दोघा-तिघांच्या तोंडी नेमकं तेच वाक्य मी ऐकलंय.

म्हणून दवाखान्यात गेलात की पाटी जरूर वाचा, पण चार गोष्टीही पाहा. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवतात का, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर? आकडा कार्डावर लिहून तुम्हाला सांगतात का? शुगरवाल्यांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए1सी, आणि वर्षातून एकदा डोळे, पाय, मूत्रपिंड तपासायला सांगतात का? आणि महिनाभर गेला नाहीत तर कुणी फोन करतं का? चौथ्याचं उत्तर 'हो' असेल तर तो दवाखाना सोडू नका, रंग उडालेला असला तरी.

सीमेवरच्या आपल्यासाठी एक जास्तीचं काम आहे. आपली चिठ्ठी इथली आणि गोळी तिथली असते. आभा क्रमांक काढून ठेवा, चौदा आकडी असतो, दोन्ही राज्यांत चालतो. त्याने सगळं लगेच जुळेल असं मी म्हणणार नाही. तोवर जुनी रीत बरी: सगळ्या गोळ्या एका पिशवीत, पाकिटासकट, आणि पिशवी प्रत्येक डॉक्टरांपुढे पालथी. कंपनीचं नाव पाहू नका, खाली बारीक अक्षरांत औषधाचं नाव असतं ते वाचा. दिसत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. काकूंची एक गोळीही मी बंद केली नाही, त्यांना पिशवीसकट डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन गोळ्या कमी केल्या. सूज उतरली. यंदा हळदीकुंकवाला काकूंनी नव्या चपला घातल्या होत्या.

उद्या सकाळच्या आरतीनंतर मी मांडवामागच्या खोलीत मशीन घेऊन बसणार आहे. पिशव्या आणा. चहा मात्र अर्धा तास आधी उरका, नाहीतर आकडा चहाचाच येईल.