कातडे कमावण्याची विद्या आणि वर्गातील तिचा पाठ



ओले कातडे तसेच पडू दिले तर दोन दिवसांत कुजू लागते. तेच कातडे कमावले तर त्याची वहाण वर्षानुवर्षे टिकते. हा फरक ज्या कारागिरांनी घडविला, त्यांची वस्तू गावाने पायात घातली आणि त्यांना मात्र वेशीबाहेर ठेवले. म्हणून या विषयाचा पाठ विज्ञानाचा आहे, तसाच न्यायाचाही आहे.

कातड्याचे तीन थर असतात : वरचा केसांकडील, खालचा मांस-चरबीचा आणि मधला तंतूंचा. चामडे होते ते मधल्या थराचे. कातड्यास प्रथम मीठ लावतात. मीठ पाणी ओढून घेते व कुजविणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखते. नंतर ते धुऊन काही दिवस चुन्याच्या पाण्यात ठेवतात. त्यामुळे केसांची मुळे सैल होतात, तंतू फुगून मोकळे होतात. मग केस व मांस खरवडून, चुना धुऊन काढला की खरे कमावणे सुरू होते. बाभळीची साल, माळावरील तरवडाची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात कातडे मुरवितात. जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवून टांगीत व तीत काढा भरीत. काढा आधी सौम्य, मागाहून तीव्र असावा लागतो. घाई झाली तर वरचा भाग आवळतो आणि आतला कच्चा राहतो. काढ्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य तंतूंना घट्ट बांधते. मग जिवाणूंचे तेथे फारसे चालत नाही. शेवटी तेल चोळून चामडे मऊ करतात.

क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याच्या रीतीचे पेटंट १८८४ साली अमेरिकेत घेतले गेले. आठवड्यांचे काम त्यामुळे फार थोड्या वेळात होऊ लागले. परंतु ते सांडपाणी शुद्ध न करता सोडले तर ओढे-विहिरी बिघडतात. या उद्योगाच्या संशोधनासाठी १९४८ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येतो. हिरड्याच्या काढ्यात गंजलेला खिळा टाकावा. काही वेळाने काढा काळा पडतो. टॅनिन व लोह यांच्या संयोगाचा हा रंग होय. पूर्वी हिरडा व हिराकस यांची शाई याच गुणामुळे होत असे. ज्या द्रव्याने चामडे होते, त्यानेच अक्षरही लिहिले जाई, हे मुलांना अवश्य सांगावे.

बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणात, म्हणजे उमरग्याच्या पलीकडील बसवकल्याणात, ढोर कक्कय्या आणि चर्मकार हरळय्या यांना शरणांमध्ये मानाचे स्थान होते. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली. तरीही हा पाठ चालू असता एखाद्या मुलाकडे साऱ्या वर्गाच्या नजरा वळू शकतात. अशा वेळी शिक्षकाने कोणाही मुलास घरचा धंदा विचारू नये, नमुना म्हणून उभे करू नये. कारागिराचा उल्लेख आदरार्थी करावा. पाठ संपल्यावर त्या मुलाची मान ताठ राहिली, तरच तो पाठ नीट शिकविला गेला, असे समजावे.