पलटणीला सांभाळतें कोण?
(खेड्यांतील सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या पंचक्रोशींतले कांहीं मुलगे फौजेंत जाण्याच्या खटपटींत आहेत. कोणी तालमींत छाती फुगवून मोजून घेतो, कोणी पहाटे ओढ्याच्या वाटेनें धांवतो. त्यांच्या आयाबाया आम्हांस विचारतात, "गुरुजी, तिकडे पोराला सांभाळील कोण?" प्रश्न साधा आहे, पण सभेंत मोठमोठीं भाषणें करणाऱ्यांस तो सुचत नाहीं. म्हणून आज आम्ही त्याच प्रश्नावर बोलणार आहोंत.

फौजेचा विषय निघाला कीं आपल्या लोकांस पवाडा हवा असतो. आम्हांसही तो आवडतो. पण आज डफ जरा बाजूस ठेवा आणि दाणावैरणीचा हिशेब ऐका. कारण लढाईंत शिपायाचें जें व्हावयाचें असतें, त्यांतलें निम्में लढाईच्या आधींच ठरून गेलेलें असतें.

इ. स. १६७३ ची गोष्ट. चिपळुणाकडे घोडदळाची पावसाळी छावणी होती. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस शिवाजीमहाराजांनीं एक पत्र पाठविलें. त्यांत किल्ला कसा घ्यावा, शत्रूस कसें गांठावें, यांतलें कांहीं नाहीं. महाराज सांगतात कीं, पावसाळ्यापुरता दाणा आणि गवत तुमच्या स्वाधीन केलें आहे, तें बेतानें पुरवून खर्च करा. आतांच मन मानेल तसें उधळाल तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशी मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुमचे लोक कुणब्याच्या घरीं शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लांकूडफाटा, कोणी भाजी. रयत म्हणेल, यांच्यापेक्षां मोगल बरे. पुढें विस्तवाविषयीं लिहिलें आहे. कोणी चुली मांडील, कोणी चिलीम ओढील, वारा पाहणार नाहीं, गवत पाहणार नाहीं. एक गंजी पेटली कीं सारी पागा गेली. रात्रीं दिवा जळत ठेवूं नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, हेंही त्यांत आहे.

छत्रपतीच्या पत्रांत उंदीर कां यावा? कारण आषाढांत उपाशी राहिलेला घोडा दसऱ्याला मोहिमेवर निघत नाहीं. आणि पत्र कोणास लिहिलें आहे तेंही पहा. बड्या सरदारास लिहिलेलें नाहीं. जो घोड्याच्या शेजारीं झोंपतो, ज्याच्या हातीं कोठीची किल्ली असते, त्या लहान अंमलदारास लिहिलें आहे. पलटण लढण्यास लायक ठेवणारा माणूस तो.

आतां हिशेब चुकला म्हणजे काय होतें तें पहा. पहिल्या महायुद्धांत इंग्रजांची सहावी डिव्हिजन इराकांत होती. तिच्यांत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. म्हणजे दख्खन-कोंकणांतल्या शेतकऱ्यांचीं पोरें. जनरल टाउनशेंड हा त्यांचा सेनापति. बगदाद घ्यावयाचें म्हणून फौज नदीनें पुढें पुढें गेली. मागें बोटी अपुऱ्या, गाड्या अपुऱ्या, दवाखाना तर नांवाचा. २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं टेसिफोनला लढाई जुंपली आणि तेथें चार हजारांवर माणसें मेलीं अगर जखमी झालीं. पाय मोडलेल्या शिपायांना बिनस्प्रिंगच्या खटाऱ्यांत घालून खाचखळग्यांतून आणलें. आपल्या बैलगाडींतून आजारी माणूस ज्यानें तालुक्याला नेला असेल, त्यास याहून अधिक सांगावयास नको.

फौज मागें फिरून कूत गांवीं आली. तैग्रीस नदीच्या वळणांत हा गांव आहे. ७ डिसेंबरला तुर्कांनीं तो वेढला. आतां पहिलें काम काय? धान्य मोजण्याचें. आपल्या घरीं पाहुणे अडकले तर घरधनीण आधीं कणगींत हात घालते. पण कूतमध्यें गांवकऱ्यांच्या घरांतून आणि व्यापाऱ्यांच्या वखारींतून किती जव आहे, याचा पुरा झाडा जानेवारी १९१६ च्या अखेरीपर्यंत घेतला गेला नाहीं. तोंवर सेनापतीचे बाहेर निरोप जात होते कीं, अन्न थोड्याच दिवसांचें उरलें आहे. ते ऐकून सोडवणुकीस येणाऱ्या फौजेनें पुरती जमवाजमव न करतां त्याच महिन्यांत शेखसाद, वादी आणि हन्ना येथें घाईनें हल्ले चढविले, आणि हजारों माणसें चिखलांत पडलीं. मग घरोघर झडती झाली, तेव्हां धान्य निघालें! वेढा त्यानंतरही तीन महिने चालला. दहा-बारा कारकुनांचें चार दिवसांचें काम होतें. तें वेळेवर झालें नाहीं.

शेवटीं घोडीं कापून खाण्याची पाळी आली. १४७ दिवसांनीं, २९ एप्रिल १९१६ रोजीं, कूतनें शस्त्र खालीं ठेवलें. सेनापतीस तुर्कांनीं इस्तंबूलजवळच्या बेटावर मानानें ठेविलें. शिपायांना वाळवंटांतून पायीं हाकलीत नेलें, आणि त्यांतले हजारों परत आले नाहींत. १९१७ सालीं विलायतेंत चौकशी झाली, दवाखाना आणि वाहतुकीचा गलथानपणा उघडा पडला, मंत्र्यानें राजीनामा दिला. ११७ व्या पलटणीला १९२१ सालीं 'रॉयल' ही पदवी मिळाली. पलटणीनें ती कमावली होती, यांत शंका नाहीं. पण शूर म्हणून पाठ थोपटली कीं भाकरीचा जाब कोणी विचारीत नाहीं, हें आपल्या लोकांनीं ओळखून असावें.

जाब विचारणार तरी कोण? त्या काळीं आपला शिपाई कितीही शहाणा असो, सुभेदार-मेजरपर्यंत चढावयाचा आणि तेथें थांबावयाचा. केस पिकलेल्या सुभेदारानें कालच्या गोऱ्या पोराला सलाम करावयाचा. डेहराडूनची लष्करी शाळा १९३२ सालीं निघाली, तेव्हां आपल्या देशांतच अधिकारी तयार होऊं लागले. आतां दार सगळ्यांस उघडें आहे, पण तें परीक्षेचें दार आहे. दंडाच्या बेटकुळीनें उघडत नाहीं.

दुसरी गोष्ट पुढारी पडल्यावरची. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि उपाशी फौजेचा धीर सुटला. सारी फौज एका अंबारीकडे डोळे लावून लढत होती.

याच्या उलट चित्र ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत दिसलें. सेनियो नदीचा पूर्वेकडचा बांध घ्यावयाचा होता. पहिल्या मराठा पलटणींत संगमनेर भागांतील निमज गांवचा नामदेव जाधव हा कंपनीचा रनर होता. रनर म्हणजे निरोप्या. साहेबाचा हुकूम इकडून तिकडे पोंचवावयाचा, स्वतः हुकूम देण्याचा अधिकार नाहीं. पाण्यांत शिरतांच समोरून मशिनगनचा मारा झाला. कंपनीचा अधिकारी जखमी झाला, आणखी माणसेंही पडलीं. ज्याचे निरोप न्यावयाचे, तोच आतां उचलून न्यावयाचा होता. नामदेवानें त्यास सुरुंगांच्या पट्ट्यांतून आणि खोल पाण्यांतून अलीकडे आणलें. परत जाऊन दुसऱ्या जखमीसही आणलें. येथें त्याचें काम संपलें म्हटलें असतें तरी कोणी नांवें ठेवलीं नसतीं. पण बांध अजून शत्रूकडे आहे हें त्यास ठाऊक होतें. तो तिसऱ्यांदा एकटाच गेला. हातास गोळी लागली, बंदूक चालेना, तेव्हां ती टाकून हातबाँब घेतले. ते संपले तसा सरपटत मागें येऊन आणखी घेऊन गेला. मशिनगनचीं तीन ठाणीं बंद पाडून बांधावर उभा राहिला आणि शिवाजीमहाराजांचा जयजयकार करून बाकीच्यांस बोलाविलें. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आदल्या वर्षीं, १० जुलै १९४४ रोजीं, माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे याच्या तुकडींतले सारे मेले अगर जखमी झाले असतां त्यानें एकट्यानें मशिनगनचें ठाणें घेतलें आणि तेथेंच देह ठेवला. त्याचें वय बावीस.

नामदेवाचें काळीज वाघाचें होतें, हें खरेंच. पण आम्ही शाळामास्तर, आम्हांस त्यांत दुसरेंही दिसतें. कोणता बांध, कोठून चढावयाचें, मागें कोण उभें आहे, हें एका निरोप्यास ठाऊक होतें. साहेबाच्या खिशांतला बेत शिपायाच्या डोक्यांतही होता. जी तुकडी रोज अशी बोलून, विचारून, समजून घेऊन चालते, तिच्यांत अंबारी रिकामी होत नाहीं. आणि असें चालवितो तो दहा जणांवरचा नाईक. संध्याकाळीं तो जवानांचे पाय पाहतो, कोणास फोड आला, कोणास ताप आहे, कोणाची पाण्याची बाटली रिकामी आहे, घरचें पत्र वाचून कोण गप्प झाला आहे. बायांनो, तुमच्या पोराला सांभाळणारा हाच. आणि पुढें तुमच्याच पोरानें दुसऱ्याच्या पोरासाठीं हें करावयाचें आहे.

तेव्हां नुसतें धांवून भागणार नाहीं. येत्या रविवारपासून संध्याकाळीं शाळेंत नकाशा वाचणें, दिशा व अंतर काढणें आणि शिध्याचा हिशेब, इतकें आम्ही शिकवूं. फी नाहीं. पाटी-पेन्सिल आणावी. ज्यांस भरती व्हावयाचें नाहीं तेही आले तरी चालतील, आणि मुलींनींही यावें. पहिल्या दिवशीं आपल्याच गांवचा नकाशा काढावयाचा आहे. पाण्याच्या सगळ्या जागा त्यांत आल्या पाहिजेत.