कोणाचं लेकरू हे?

मुलामुलींनो,

माझ्यानंतर नाच आहेत आणि फिशपॉन्ड आहेत, हे मला माहीत आहे. पडद्याआडची घुंगरं मलाही ऐकू येताहेत. लांबण लावत नाही.

दुपारी तुमची वादविवाद स्पर्धा मागच्या बाकावर बसून ऐकली. विषय होता, 'राहावं तर लहान गावात'. बाजूनं बोलणाऱ्यांनी शुद्ध हवा आणि आपुलकी सांगितली, विरोधकांनी मेट्रो, मॉल आणि पॅकेज. माझा जन्म याच चाकूर तालुक्यातला, पण उभी हयात बँकेच्या नोकरीत गेली, त्यामुळं मला हवेपेक्षा हिशोब जास्त कळतो. हवेचं म्हणाल, तर सोयाबीनची मळणी चालू असताना एकदा मळणीयंत्राशेजारी उभं राहून बघा!

चाकूरची खरी जमेची बाजू म्हणजे इथं माणूस ओळखीचा असतो. बसस्टँडवर उतरलं की कुणीतरी विचारतंच, "कोणाचं लेकरू हे?" आजोबांचं नाव सांगितलं की पुढची निम्मी कामं होतात. किराणा दुकानदार महिनोन्‌महिने वहीवर माल देतो, कारण सोयाबीन विकल्याशिवाय तुमच्या घरात पैसा येत नाही, हे त्याला ठाऊक असतं. रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर गल्लीतला गाडीवाला भाडं न ठरवता लातूरकडं निघतो. मुंबईत असताना माझ्या शेजाऱ्याचं नाव मला त्याच्या दारावरच्या पाटीनं सांगितलं होतं. आम्ही बँकवाले जिला पत म्हणतो, ती शहरात सिबिलच्या आकड्यात असते. इथं ती दोन पिढ्यांपासून चालत आलेली असते.

आता त्याच वहीचं पुढचं पान. ज्याच्या आजोबांनी बुडवलं, त्याच्या नातवालाही उधारी मिळत नाही, मग तो कितीही सरळ असो. भाड्यानं खोली बघायला आलेल्या नव्या माणसाला आधी आडनाव विचारतात आणि मग भाडं सांगतात. शहरातही विचारतात म्हणा, पण तिथं दुसरी गल्ली असते. गांधीजी खेड्याकडं चला म्हणत होते. बाबासाहेबांनी मात्र ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या कौतुकावर कडाडून टीका केली. आपला भाग निजामाच्या राजवटीतून सुटून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. ज्याला गावानं पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं, त्याला गाव ओळखतं तेच मुळी बाहेर ठेवण्यासाठी. अशा माणसाला शहरात कुणी ओळखत नाही, याचाच आधार वाटतो. आपुलकीवर टाळ्या पडत होत्या तेव्हा मला हेच आठवत होतं.

मुलींना हे वेगळं सांगायला नको. रस्त्यात कुणाशी दोन मिनिटं बोललं तर तुम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असते. मुलांचंही तेच. नीटमध्ये गुण कमी पडले की अख्खी गल्ली पुढचं वर्षभर चौकशी करते, आणि तीही काळजीच्या सुरात. पुण्यात एखाद्याचं दुकान बसलं तर तो दुसऱ्या पेठेत दुसरं काढतो. इथं 'ते बंद पडलं ना, तो' हीच त्याची कायमची ओळख होऊन बसते. इथली पोरं धंद्याला घाबरतात असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. ती धंद्याला नाही, लोकांच्या आठवणीला घाबरतात.

एक वक्ता म्हणाला, लहान गाव स्वस्त असतं. घरभाडं स्वस्त, कबूल. पण मोठ्या डॉक्टरसाठी लातूर, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकासाठी लातूर, विद्यापीठाच्या कामासाठी नांदेड. लातूर तीस-पस्तीस किलोमीटर, तरी प्रत्येक खेपेला माणसाचा रोज बुडतो. हा खर्च कुणी वहीत मांडत नाही, म्हणून गाव स्वस्त वाटतं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा अंतर एक इंचही घटलं नाही. पण "एवढ्यासाठी कशाला जातेस?" हे वाक्य काही घरांत तरी कमी झालं.

मोठं शहर म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचं पाणी संपलं, टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तरीही दहावी झाली की पोरं लातूरला, आणि लातूरहून पुण्याला. हुशार म्हणजे जाणारा, असं आपण ठरवूनच टाकलंय. मग जो इथं राहतो, दुकान चालवतो, शाळेत शिकवतो, आईबापाला सांभाळतो, त्यानं स्वतःला काय समजायचं? चाकूरचा सगळ्यात मोठा तोटा मला हा वाटतो, आणि तो रस्त्या-पाण्याचा नाही.

गंमत बघा, सीमा सुरक्षा दलाच्या इथल्या केंद्रात परप्रांतातली पोरं प्रशिक्षणाला चाकूरला येतात. आपल्याच तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट दुर्मिळ वनौषधींसाठी नावाजलेलं आहे. तुमच्यापैकी किती जण तिथं गेलेत? हात वर करा. बरं. आणि साईनंदनवनच्या वॉटरपार्कला? बघा, आता कसे वर आले!

जाऊ नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः गेलो होतो. शिवराज पाटील साहेब १९३५ साली या चाकुरात जन्मले. कॉलेज इथं कुठलं असणार? ते हैदराबादला उस्मानियात शिकले, पुढं मुंबईत कायदा शिकले. १९८० पासून लातूरमधून सात वेळा लोकसभेवर गेले, १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते, आणि दिल्लीलाही ते चाकूरकर म्हणूनच ठाऊक राहिले. पण त्यांच्या पिढीला जावंच लागलं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ ला, नांदेडचं झालं १९९४ ला. तुम्ही आज चाकुरात बसून पदवी घेताय, ती आधी कुणीतरी मागत राहिलं म्हणून.

तेव्हा मागायला शिका. लातूरहून शेवटची बस उशिरापर्यंत का नसावी? चार मुलींना कुणी न बघता निवांत बसता येईल अशी एक जागा गावात का नसावी? मॉल मागू नका, तो येईल तेव्हा येईल, आणि आला नाही तरी मला काही दुःख नाही.

आल्या आल्या मी तुमचं ग्रंथालय बघितलं. पुस्तकं चांगली आहेत. पाच वाजता कुलूप लागतं, म्हणजे बाहेरगावची मुलं बसच्या गडबडीत असतात आणि गावातली मुलं नुकती मोकळी होतात तेव्हा. प्राचार्य हसताहेत, म्हणजे ते रागावलेले नाहीत. कुलूप रात्री नऊला लावावं, एवढाच अर्ज करायचा आहे. आलटून पालटून थांबायला गावातली पाच-सहा माणसं मी गोळा करतो, मी त्यांच्यातला एक. अर्ज तुम्ही लिहा. ओळखीचा फायदा घ्यायचाच असेल तर इथं घ्या, खाली पहिली सही माझी करतो.

कुणाकडं कोरा कागद आहे का? फिशपॉन्डच्या चिठ्ठ्यांतला एखादा उरला असेल तरी चालेल.