पडद्यावरचे दुकान आणि घरातले गिऱ्हाईक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मी एखादा वाङ्मयीन विषय निवडीन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. बी. ए. ला माझा मराठी विषय होता हे चिटणिसांना ठाऊक असल्याने त्यांचीही समजूत तशीच होती. मी त्यांना 'पडद्यावरचे दुकान' हा विषय कळविला, तेव्हा त्यांनी फोनवर मला दोनदा विचारले, ''साहेब, पडद्यावरचे की पडद्यांचे?''

पडद्यावरचेच. संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर जे दुकान उघडते, ते गिऱ्हाइकाला सोयीचे कसे व्हावे, हा आजचा विषय. तंत्रज्ञ मंडळी यालाच 'युजर एक्सपीरियन्स' म्हणतात. मी तंत्रज्ञ नाही. सरकारी फायलींत तीस वर्षे घालविलेला मी एक नोकरदार आहे. या सभागृहातील कित्येक तरुण मात्र हीच दुकाने उभारणाऱ्या कंपन्यांतून काम करतात. त्यांच्यापुढे मी बोलणार आहे तो केवळ गिऱ्हाइकाच्या बाजूने, आणि तेही एका विशिष्ट गिऱ्हाइकाच्या. ते गिऱ्हाईक म्हणजे माझी आई.

आई आज ८१ वर्षांची आहे. वडील गेल्यानंतर ती मिरजेहून आमच्याकडे बंगळूरला राहावयास आली. कन्नड तिला जेवढ्यास तेवढे कळते. इंग्रजी ती अक्षर अक्षर लावून वाचते. गेल्या वर्षी एके दिवशी मी कार्यालयातून लवकर परतलो, तो आई ओट्याच्या दगडावरच पिठी भुरभुरून पोळ्या लाटीत होती. पोळपाटाचा पाय मोडून दोन महिने झाले होते. ''बोलली का नाहीस?'' मी विचारले. ती म्हणाली, ''मागे एकदा सांगितले होते. फोनवरून मागवतो म्हणालास, ते राहून गेले. तुम्ही दोघे दमून येता. किती वेळा सांगायचे?''

ज्या बाईने सात माणसांचा संसार स्वतःच्या हिशेबाने चालविला, तिने एका पोळपाटासाठी मागणेच सोडून दिले होते. मी मनातून शरमलो. त्याच रात्री फोन तिच्या हाती देऊन म्हणालो, ''आता तूच घे.''

पुढचा अर्धा तास मी जे पाहिले, त्यावरच हे भाषण उभे आहे. दुकानाचे नाव सांगत नाही. दोष एकट्या त्याचा नाही. आईने सावकाश बोटाने 'पोळपाट' हा शब्द देवनागरीत लिहिला. दुकानाने ती वस्तू नसल्याचे सांगितले आणि खाली कपाटांची चित्रे दाखविली. 'चकला' हे हिंदी नाव मी रोमन अक्षरांत लिहून दिले, तेव्हा पोळपाटांची रांगच पुढे आली. मग पत्ता लिहावयाचा होता. फोन नंबरातील एक आकडा राहिला, तशी तांबडी अक्षरे उमटली आणि लिहिलेला सगळा पत्ता पुसला गेला. तो पुन्हा लिहून ती शेवटच्या पानावर आली, तर आरंभी दाखविलेल्या किमतीत पोहोचविण्याचा आकार मिळविलेला आणि वर कसल्याशा संरक्षणाचे ३९ रुपये, जे कोणी मागितलेच नव्हते! आईने फोन खाली ठेवला. म्हणाली, ''दुकानात गेले आणि हवे ते मागता आले नाही, असे आजवर कधी झाले नव्हते रे.''

मिरजेत आमचा किराणा ज्या दुकानातून येई, तो दुकानदार फारसा शिकलेला नव्हता. परंतु कानडी मुलखातून आलेली बाई तिच्या बोलीत काही मागू लागली, तरी कोणती डाळ हवी हे तो जाणत असे. यादीतील एखादी वस्तू लिहावयाची राहिली, तर आठवण करून देई. भाव वाढला असेल, तर माल पुडीत बांधण्यापूर्वी सांगे. शब्द समजून घेणे, चूक सांभाळून घेणे आणि भाव आधी सांगणे, हे त्याचे तीन गुण होते. आईला पडद्यावर ज्या तीन ठिकाणी ठेच लागली, ती ठिकाणे नेमकी हीच होत.

प्रथम शब्दाचा विचार करू. आपल्याच शहरातील फ्लिपकार्टने २०१९ मध्ये हिंदी, २०२० च्या जूनमध्ये कन्नड, तमिळ व तेलुगू आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठी भाषा आपल्या दुकानात आणली. ॲमेझॉनवर मराठी २०२१ साली आली. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु फलक मराठीत रंगविणे हे अर्धेच काम झाले. गल्ल्यावरच्या माणसाला मराठी समजले पाहिजे. पोळपाट, चकला आणि आपल्या कन्नड शेजारणीची 'चपाती मणे' ही एकच वस्तू आहे, हे शोधयंत्राला कोणीतरी शिकवावे लागते. याचा उपायही फार खर्चाचा नाही. गिऱ्हाइकाने विचारलेल्या आणि निष्फळ ठरलेल्या शब्दांची नोंद दुकानाच्या यंत्रात ठेवता येते. ती यादी दर आठवड्याला मराठी जाणणाऱ्या माणसाने वाचावी आणि प्रत्येक शब्द योग्य वस्तूशी जोडून द्यावा. रोमन अक्षरांत लिहिलेले मराठीही त्यात धरावे.

दुसरी गोष्ट चुकीची व पत्त्याची. येथे मला एका मराठी अधिकाऱ्याचे स्मरण होते. पडद्यावरील बहुतेक दुकाने गिऱ्हाइकाला पिन कोड विचारतात. हा सहा आकडी क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते लिहिण्याच्या निरनिराळ्या लिप्या आणि दुर्बोध हस्ताक्षरे यांमुळे टपाल वाट चुकत असे. लोकांनी सुवाच्य लिहावे, असे परिपत्रक काढून मोकळे होता आले असते. त्याऐवजी देशाचे आठ भौगोलिक विभाग व नववा सैनिकी टपालाचा, अशी वाटणी झाली. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन डाकघराचे. ५६०००१ हा आकडा दिसला की, पाकिटावरील गावाचे नाव कोणत्याही लिपीत असो, पत्र बंगळूरलाच येते.

माझ्या मते हा युजर एक्सपीरियन्सचा उत्तम भारतीय नमुना होय. कारण लोकांवरचा भार यंत्रणेने स्वतःकडे घेतला. तोच न्याय पडद्यावरच्या दुकानाला लावावा. पिन कोड कळल्यावर शहर आणि राज्य दुकानाने स्वतः भरावे. चूक झाली तर ती त्याच रकान्याशेजारी, 'फोन नंबरात एक आकडा कमी आहे' अशा साध्या शब्दांत सांगावी, आणि बाकीचे लिहिलेले जसेच्या तसे राहू द्यावे. बंगळूरचे 'क्रॉस' आणि 'मेन' यांनी थकलेल्या माणसाला 'गणपतीच्या देवळासमोर' एवढे लिहिण्यास जागा ठेवावी.

तिसरी गोष्ट भावाच्या सचोटीची. ते खाते माझे नव्हे. परंतु केंद्र सरकारच्या नियमांची माहिती देणे मी कर्तव्य समजतो. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, गिऱ्हाइकाच्या संमतीची खूण दुकानाने आपणहून करून ठेवता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत. न मागितलेली वस्तू मागणीत सरकवणे, किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणे, खोटी घाई लावणे, हे त्यांतलेच. दाद मागण्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आईचे ते ३९ रुपये ही नुसती गैरसोय नव्हती.

सोय म्हणजे नुसती पडद्यावरची सजावट नव्हे, हे या शहराने पाहिले आहे. फ्लिपकार्टची सुरुवात २००७ मध्ये कोरमंगलात पुस्तकविक्रीने झाली. पुष्कळांपाशी कार्ड नव्हते आणि न पाहिलेल्या दुकानावर भरवसाही नव्हता. २०१० मध्ये माल हाती आल्यावर रोख पैसे देण्याची सोय झाली, आणि ही अडचण गिऱ्हाइकाच्या उंबरठ्यावरच सुटली. उलट, मिंत्राने मे २०१५ मध्ये आपले संकेतस्थळ बंद करून विक्री केवळ मोबाइलच्या ॲपवर ठेवली. जून २०१६ मध्ये संगणकावरचे दार पुन्हा उघडावे लागले. गिऱ्हाइकाने कोणत्या दाराने यावे, हे गिऱ्हाईकच ठरविते.

तेव्हा तरुण मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. जेकब नीलसन या जाणकाराने २००० साली लिहून ठेवले आहे की, पाच माणसांना काम करताना नुसते पाहिले, तरी मांडणीतील बहुतेक दोष दिसून येतात. त्या पाचांत एक तरी सत्तरीच्या पुढचे असू द्या. ते आपल्या घरातच आहे. त्याच्या शेजारी बसा, आणि अडले तरी फोन हातातून काढून घेऊ नका. जेथे ते अडेल, तेथे दोष त्याचा नसून पानाचा आहे, असे धरून चाला.

आपण गाव सोडून येथे आलो ते नोकरीसाठी. आपले आईवडील आले ते आपल्यासाठी. त्यांची ओळखीची दुकाने मागे राहिली. आपल्या हाताने चार वस्तू निवडून आणण्याचा त्यांचा मान तरी मागे राहू नये.

पोळपाट आम्ही शेवटी मल्लेश्वरमच्या बाजारातून आणला. आईने तो बोटांनी वाजवून पारखून घेतला. त्यानंतर माझा मुलगा तीन संध्याकाळी आजीजवळ फोनला हात न लावता बसला. गेल्या महिन्यात दाराची घंटा वाजली. फुलवातींचे पुडके आले होते. कोणी मागविले, म्हणून मी विचारीतच होतो, तो आई कनवटीचे पाकीट घेऊन पुढे झाली आणि तिने पैसे मोजून दिले.