मूल शाळेत का आले नाही?



शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या शिवेवर, भीमेच्या काठी वडगाव रासाई हे गाव आहे. हा सारा उसाचा पट्टा. अशा पट्ट्यातल्या शाळेत गुरुजी रोज हजेरीपत्रक भरतात. कोण आले आणि कोण नाही, एवढे त्यात लिहिलेले असते. का आले नाही, यासाठी मात्र रकाना नसतो. आज मला बोलायचे आहे ते या नसलेल्या रकान्याविषयी, आणि तो भरण्याचे काम कोणाचे, याविषयी.

मजूर कामावर आला नाही तर आपण खाडा पडला म्हणतो. खाड्याचे पैसे कापले की हिशेब मिटला. शाळेच्या खाड्याचे तसे नाही. कांद्याची लागण आली की हाताशी आलेली पोरे वाफ्यात दिसतात. आई खुरपायला गेली की धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते. शेतीपंपाला वीज रात्रीची असली तर बापाबरोबर दारे धरायला गेलेला मुलगा सकाळी उठतच नाही. मोठ्या मुलींच्या बाबतीत शाळेत पाण्याची अन् आडोशाची सोय नसणे हेही कारण असते, आणि ते कोणी गुरुजींना सांगायला येत नाही. चार मुलांची चार कारणे; पत्रकात चौघांपुढे खूण मात्र एकच.

हे दुखणे जुने आहे. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे सांगितले, की गुरे राखायला आणि शेत सांभाळायला मुले लागतात, म्हणून शेतकऱ्यांची मुले शाळेत फार थोडी येतात. त्यासाठी त्यांनी शिष्यवृत्त्या मागितल्या, बक्षिसे मागितली आणि निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीही मागितली. पुढे 1917 साली शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचा कायदा केला. मूल न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी ते मोठेच पाऊल होते. पण ज्या घरात तान्हे मूल सांभाळायला दुसरे कोणी नाही, त्या घराला दंड केल्याने ते तान्हे काही लवकर मोठे होत नाही! तिथे कोणीतरी जाऊन बसावे लागते, ऐकावे लागते, आणि मग अंगणवाडीत त्याची सोय लावून थोरलीला मोकळी करावी लागते.

हे जे जाऊन बसणारे माणूस, त्याला शालेय समाजसेवक म्हणतात. अमेरिकेत 1906-07 च्या सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन अशा शहरांत मुलांच्या घरी जाणारे शिक्षक नेमले गेले, त्यातून हा पेशा उभा राहिला. आपल्याकडे नाव नसले तरी काम होते. बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडकांनी बालवाडीचे काम सुरू केले. दलित वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीचे मूळ ते. पुढे कोसबाडला आदिवासी मुले गुरांमागे जातात असे दिसल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कुरणावरच शाळा भरवली. 1988 साली मुंबईच्या कफ परेडजवळच्या वस्तीत समाजकार्याच्या अध्यापिका रजनी परांजपे आणि त्यांची विद्यार्थिनी बीना लष्करी यांनी ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केली. ती संस्था नंतर पुण्यातही आली आणि बांधकामांवरच्या मुलांना शोधून शाळेपर्यंत पोचवू लागली.

आता आपल्या भागाकडे येऊ. दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, जामखेडकडची जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या भागात तोडीला निघतात. कोपी पडते, पहाटे अंधारात फड सुरू होतो. मुले बरोबर. तिकडच्या शाळेत त्यांचा चार-पाच महिने खाडा, आणि इकडच्या पटावर त्यांचे नावच नाही! म्हणजे इथे ती गैरहजरसुद्धा नसतात. मला तर ही सर्वांत अवघड गैरहजेरी वाटते. गावी आजी-आजोबांपाशी ठेवलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, ते ठीक झाले. पण फडावर आलेल्याचे काय? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून शाळेला त्याला परत पाठवता येत नाही, हे त्याच्या आईला कोण सांगणार?

गुरुजींनीच हे सारे करावे, असे म्हणणे सोपे आहे. एका शिक्षकापुढे दोन-दोन वर्ग, वर माहिती भरण्याचे काम; तो घरोघर केव्हा जाणार? आणखी एक अडचण आहे, ती स्पष्ट बोलली पाहिजे. शिक्षकांची पदे पटावर ठरतात. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा नावे आहेत पण मुले नाहीत अशा पुष्कळ शाळा निघाल्या. हजेरी कमी दाखवली की ज्याच्या अंगाशी येते, त्यानेच ती शोधून काढावी, हे जरा कठीणच. (आम्ही कॉलेजातले लोकही हजेरी घेतो, पण ती परीक्षेला बसू द्यावे की नाही, एवढ्यापुरती!) म्हणून हे माणूस शाळेशी जोडलेले पण पटाच्या चिंतेतून मोकळे असावे. बाई असली तर फार बरे. मोठ्या मुली तिच्यापाशी बोलतील.

पाच-सहा गावांच्या शाळांमिळून असे एक माणूस नेमता येईल. तोवर शाळा व्यवस्थापन समितीने थांबण्याचे कारण नाही. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. पहिले काम म्हणजे गेल्या वर्षीचे हजेरीपत्रक काढून कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी, कोणत्या वस्तीवरची नावे गळतात ते पाहावे. बाजाराच्या दिवसाचा खाडा वेगळा, कांद्याच्या महिन्याचा वेगळा. सलग तीन दिवस मूल आले नाही, की चौथ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जावे, आणि जाताना वही-पेन्सिल बरोबर घेऊन न जाता नुसते विचारायला जावे. दिवाळीनंतर शाळा उघडली, की त्याच आठवड्यात कोप्यांवर एक फेरी मारावी. फड दुपारी विसावतो. मुले तेव्हा तिथेच सापडतात.